पाळीचं दुखणं, फिट आणि जांभळ्या टोपणाची ट्यूब

ज्या मुलींना फिट येतात आणि पाळीत पोटही जीव नकोसा होईल इतकं दुखतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला हे सगळं एका जागी कुणी सांगितलं नव्हतं. पोटाचं बोलायला गायनॅककडे जायचं, फिटचं बोलायला न्यूरोकडे, दोघांच्या फायली वेगळ्या, आणि मधे आपण एकट्याच, की बाई गं हे दोन्ही एकाच आठवड्यात कसं काय येतं.

मी सोलापूरची, होटगी रोडला राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. मला जेएमई आहे, म्हणजे ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, किशोरवयात सुरू होणारा, झटके देणारा फिटचा आजार. शाळेत असताना सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, ब्रश हातातून उडायचा, चहा सांडायचा, घरचे म्हणायचे अशक्तपणा आहे आणि मग खजूर दूध सुरू. पुढे कॉलेजला असताना पहिली मोठी फिट आली. शेजारच्यांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाला लावला, एकाने दातात चमचा घालायचा प्रयत्न केला त्यात माझा दात हलला. (कृपा करून हे करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना.)

फिट आणि पाळी बरोबर येतात हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. पोटात कळा सुरू झाल्या, कंबर धरली, मी गादीवर पोट दाबून पडले की ती त्या दिवसांत मला गॅसजवळ जाऊ द्यायची नाही. तिने एका डॉक्टरांना हे सांगितलंही, ते म्हणाले की पोटाचा आणि मेंदूचा काय संबंध, टेन्शन घेते पोरगी. नात्यातल्या बायकांचं वेगळंच, पाळीत शिवाशिव पाळली नसेल, बाहेरचं असेल, गाणगापूरला नेऊन आणा. आम्ही गेलोही, दर्शन झालं, बरं वाटलं, पण गोळी मी तिथेही चुकवली नाही आणि ते आईमुळे.

लग्नाच्या वेळी घरात दोन तट पडले, सांगायचं की नाही सांगायचं. मी सांगितलं. तेव्हा कळलं की पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच एपिलेप्सीचं नाव होतं, वारंवार फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नाला त्याचा अडसर व्हायचा, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढलं. कायद्यातून गेलं तरी लोकांच्या मनातून जायला वेळ लागतोय. माझ्या नवऱ्याने एकच विचारलं, फिट आली तर मी काय करायचं. तिथेच मी हो म्हणाले.

आता मुद्द्यावर येते. लग्नानंतर नवीन न्यूरो सरांकडे गेले, तर त्यांनी आधी पाळीची तारीख विचारली. इतक्या वर्षांत न्यूरोच्या टेबलावर हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मग म्हणाले, घरी कालनिर्णय आहे ना, त्यावरच लिहा. पाळी आली त्या दिवसाला लाल गोल, मोठी फिट आली तर निळी फुली, सकाळचे झटके आले तर बारीक टिंब, पोटाचं दुखणं ० ते १० मधला आकडा, आणि रात्री झोप किती झाली ते तास. आधीच त्या चौकोनात एकादशी, संकष्टी, दुधाचा हिशेब, त्यात माझं हे, सासूबाई एकदा म्हणाल्या हे काय पंचांग मांडलंयस, आणि मग त्याच रोज रात्री आठवण करून द्यायला लागल्या की आजचं लिहिलंस का.

काही महिन्यांनी ती पानं घेऊन गेले. सरांनी पेन घेऊन पाळीच्या आधीचे ३ दिवस आणि पाळीचे पहिले ३ दिवस असे पट्टे मारले, आणि बहुतेक निळ्या फुल्या त्या पट्ट्यात. थोड्या बाहेर होत्या, पण बघूनच कळत होतं. म्हणाले याला कॅटामेनियल एपिलेप्सी म्हणतात. अमेरिकेतले अँड्र्यू हर्झोग म्हणून न्यूरोलॉजिस्ट आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे तीन प्रकार मांडले. एक पाळीच्या आसपासचा, दुसरा बीज सुटतं त्या सुमाराचा, तिसरा ज्या महिन्यात बीज सुटतच नाही त्या महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. पहिल्या प्रकारासाठी त्यांनी मोजमापही दिलंय, या ६ दिवसांतली फिटची रोजची सरासरी बाकीच्या दिवसांच्या १.६९ पट किंवा जास्त हवी. माझी त्याच्या बरीच वर होती. फिट येणाऱ्या बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींना असा काहीतरी पॅटर्न असतो असं म्हणतात, म्हणजे मी काही जगावेगळी नाही हे ऐकूनच अर्धं ओझं उतरलं.

मग मी तो प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात कायम होता, पोट दुखतं म्हणून फिट येते का? हे पुढचं जरा नीट वाचा, कारण मला समजायला वेळ लागला. पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम खाली येतं. या प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचा पदार्थ तयार होतो, तो गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करून मेंदूला शांत ठेवतो. प्रोजेस्टेरॉन पडलं की ते शांत करणारं कमी होतं, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मेंदूला उत्तेजित करतं त्याचं पारडं जड होतं, आणि फिटला वाट मिळते. तिकडे गर्भाशयात, प्रोजेस्टेरॉन पडल्यामुळेच आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन तयार होतात, ते गर्भाशयाला आवळतात, त्याच त्या कळा. म्हणजे वर एकच गोष्ट घडते आणि तिचे दोन परिणाम दोन ठिकाणी दिसतात. त्यामुळे दोन्ही बरोबर आले म्हणून एकाने दुसरं आणलं असं म्हणता येत नाही. पण सर असंही म्हणाले की दुखण्याने रात्रभर झोप झाली नाही तर जेएमईमध्ये झोपमोड हेच फिटचं मोठं कारण असतं, त्या वाटेने दुखणं फिटला हातभार लावू शकतं. म्हणून तर झोपेचे तास लिहायला लावले होते. माझ्या पानांवर दोन्ही सापडलं. काही महिने असे की दुखणं ८, झोप ३ तास, दुसऱ्या दिवशी फुली. आणि काही महिने दुखणं जेमतेम २, झोप पूर्ण, तरी फुली आहेच. मे महिन्यात तर सोलापूरच्या उकाड्यात लाइट गेली की झोपेचं खोबरं, ते वेगळंच लिहायला लागायचं.

गोळ्यांचं सांगते. पाळीत आपण मेडिकलवरून न विचारता जी गोळी आणतो ना, मेफेनॅमिक अ‍ॅसिडची, ती मी कॉलेजपासून घ्यायचे, दुखणं नाही थांबलं की अजून एक. गायनॅक मॅडमनी ऐकलं आणि ताबडतोब विचारलं की फिटची हिस्ट्री माहिती असून तुला हे कुणी सांगितलं नाही का. मेफेनॅमिक अ‍ॅसिडचा डोस जास्त झाला तर त्यानेच फिट येऊ शकते, हे डॉक्टरांना जुनं माहिती आहे. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने याच औषधाबद्दल वेगळ्या एका गंभीर अ‍ॅलर्जीचा इशारा दिला होता. मॅडमनी बदलून दिली, दिवसाला किती घ्यायची ते लिहून दिलं, आणि सोनोग्राफी करून बाकी काही नाही ना ते बघितलं. तसंच गर्भनिरोधक गोळ्यांचं, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या फिटच्या गोळ्या चालू असतील तर गर्भनिरोधकाचा असर कमी होतो, आणि लॅमोट्रिजिन ही फिटची गोळी चालू असेल तर उलटं, इस्ट्रोजेनच्या गोळीने लॅमोट्रिजिनच रक्तात कमी होतं. मला आधी फिटसाठी व्हॅल्प्रोएट होतं, ते मूल होण्याच्या वयात बाळासाठी धोक्याचं म्हणून लग्नाआधीच बदललं होतं, आता लेव्हेटिरासिटाम आहे. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, एवढं जरी कुणी केलं तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

प्रोजेस्टेरॉनच घेतलं तर? मीही विचारलं. त्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, २९४ बायका होत्या, आणि सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर प्रोजेस्टेरॉन आणि नुसती साखरेची गोळी यात फरक दिसला नाही. पण ज्यांच्या फिट पाळीच्या आसपास बाकी दिवसांच्या ३ पट किंवा जास्त होत्या त्यांना फायदा दिसला. सरांनी मला त्याआधी दुसरा रस्ता दिला, रोजच्या गोळीसोबत ठरलेल्या थोड्याच दिवसांत क्लोबाझाम, हेही फिटचंच औषध. रोज घेतलं तर शरीराला त्याची सवय होऊन असर कमी होतो म्हणून फक्त तेवढेच दिवस. यासाठी पाळी कधी येणार हे आधी कळायला हवं, म्हणून परत कालनिर्णय. फुल्या कमी झाल्या, खूपच कमी झाल्या. झटके अजून येतात कधीकधी.

एक गोष्ट वाचली ती इथे सांगावीशी वाटते. १८५७ मध्ये लंडनला सर चार्ल्स लोकॉक नावाच्या डॉक्टरांनी, राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणाचे डॉक्टर, बायकांच्या पाळीच्या वेळच्या फिटवर पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याचं सांगितलं. त्यांचा समज होता की या फिट बायकांच्या हिस्टेरियाचा प्रकार आहे. समज चुकीचा होता, औषध मात्र चाललं, आणि फिटवर खरोखर काम करणारं ते पहिलं औषध ठरलं, पुढे १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन येईपर्यंत तेच चालू होतं. मला वाचून राग आला आणि बरंही वाटलं. पाळी आणि फिट यांचं नातं बायकांना केव्हापासून दिसत होतं, फक्त त्यावर शिक्का चुकीचा मारला जात होता.

आता जीनचं. पुण्यात एक अभ्यास चालू होता, कुटुंबात फिटची हिस्ट्री असलेल्यांच्या जीन्सचा, सरांनी विचारलं देणार का रक्त. संमतीपत्र इंग्रजीत आलं, मी म्हटलं मराठीत द्या, आई-बाबांनाही सही करायचीय, आणि मराठीत आलं. त्यात होतं की कधीही बाहेर पडता येईल, पैसे लागणार नाहीत, आणि शोधता शोधता दुसऱ्या आजाराचं काही सापडलं तर ते तुम्हाला कळवायचं की नाही हेही तुम्हीच ठरवा. या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात रात्रभर चर्चा झाली.

त्या अभ्यासाच्या काउन्सेलर ताईंनी व्हिडिओ कॉलवर वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, ज्याला आजार तो भरलेला. आमच्याकडे बाबांनी मामाची पोरगी केलेली, आपल्या सोलापूर भागात हे घरोघरी आहे, आणि तेलुगू-कन्नड घरांत तर मामा-भाचीचंही लग्न होतं. ताईंनी आई-बाबांच्या मधे दुहेरी रेघ मारली. आईला वाटलं आता आपल्याला बोलणार, पण त्यांनी शांतपणे समजावलं की नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेला तोच बदल असण्याची शक्यता वाढते म्हणून विचारतो. मग विचारलं, घरात अजून कुणाला फिट? सगळे म्हणाले नाही. आई जरा थांबली आणि म्हणाली, वन्संच्या अंगात यायचं.

आत्या अक्कलकोटच्या बाजूला गावात असते, साठीच्या जवळ आलीय. मी तिच्याकडे गेले, तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आणि मी विचारलं आत्या तुझ्या अंगात यायचं तेव्हा काय व्हायचं गं. ती म्हणाली, "मला काय ठाव, मी कुठं भानावर असायची. पोटात कळा सुरू झाल्या की आई मला पडवीत निजवायची, तिला कळायचं आता येणार म्हणून. उठायची तवा जीभ चावलेली असायची अन् लुगडं ओलं." मी विचारलं बंद कधी झालं? "पाळी गेली अन् देवी बी गेली." मी तिला काहीच समजावलं नाही त्या दिवशी, फक्त तिचा हात धरून बसले. जीभ चावणं, लघवी होणं, नंतर काही न आठवणं, हे सगळं माझंच होतं. पाळी गेल्यावर कमी होणं हेही या प्रकारात बघायला मिळतं. किती वर्षं बाई एकही गोळी न घेता काढली तिने, शेतात, विहिरीवर, चुलीपुढे.

रक्त दिलं ते जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, घरी आलेल्या लॅबवाल्याने ती हलकेच खालीवर केली, गुठळी होऊ नये म्हणून, थंड डब्यात ठेवली आणि पुण्याला गेली. बास, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

रिपोर्टची वाट बघताना ताईंना विचारलं, पाळीचं दुखणं आणि फिट यांचा जीनमधून संबंध शोधतात का. हो म्हणाल्या, आणि पद्धत सांगितली ती मला फार आवडली. पत्ते पिसून वाटावेत तसे आई-बाबांचे जीन्स आपल्याला गर्भातच वाटले जातात, आपण काय खातो, किती टेन्शन घेतो, कुठल्या गावात राहतो याच्या आधी. म्हणून ज्यांना पाळीत जास्त दुखायला लावणारे बारीक बदल वाटणीत जास्त आले, त्यांच्यात एपिलेप्सीही जास्त दिसते का, हे मोठ्या डेटामध्ये बघतात. दिसलं तर दुखण्यामुळे फिट असं म्हणायला जोर येतो. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. डेटाही खरंच मोठा आहे. २०१६ मध्ये सुमारे १२ हजार बायकांच्या अभ्यासात पाळीच्या दुखण्याशी जोडलेली जागा पहिल्या क्रोमोसोमवर एनजीएफ जीनजवळ सापडली, हा जीन नसा वाढवणाऱ्या प्रोटीनचा. आणि २०२३ मध्ये एपिलेप्सी असलेल्या जवळपास ३० हजार लोकांचे जीन्स ५२ हजार इतरांशी ताडून एपिलेप्सीशी जोडलेल्या २६ जागा मिळाल्या.

पण ताईंनी लगेच लगामही घातला. एक जीन दोन कामं करत असेल तर हे गणित फसतं. उदाहरण दिलं सोडियम चॅनेलचं. नसेतून सिग्नल जातो तो या चॅनेलमधून. एससीएन९ए हा त्यातला एक जीन पूर्ण बंद पडला तर माणसाला दुखणंच कळत नाही, २००६ मध्ये पाकिस्तानातल्या नात्यातली लग्नं असलेल्या कुटुंबांमध्ये हे सापडलं, त्यातला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून दाखवायचा, हातात सुऱ्या खुपसायचा, आणि छपरावरून उडी मारून लहानपणीच गेला. सोडियम चॅनेलचाच दुसरा जीन एससीएन१ए बिघडला तर लहान मुलांत ड्राव्हे सिंड्रोमसारख्या अवघड फिट येतात. दुखणं आणि फिट दोन्ही नसांच्या त्याच यंत्रणेवर चालतात, तेव्हा दोन्ही एकत्र दिसले तर कुणामुळे कोण हे सांगणं सोपं नसतं. दुसरं म्हणजे या मोठ्या डेटातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. माझ्यासारखीचा, आत्यासारखीचा रक्ताचा थेंब त्यात जवळजवळ नाहीच. हे ऐकून मी ठरवलं की आपलं रक्त दिलं ते बरंच केलं. आणि असल्या अभ्यासाचं उत्तर लाखो लोकांचा कल सांगतं, मला एकटीला उद्या फिट येईल का हे नाही सांगत.

रिपोर्ट आला. एक बदल सापडला, पुढे लिहिलेलं व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स, म्हणजे ज्याचा अर्थ अजून नक्की नाही असा बदल. २०१५ पासून अशा बदलांच्या पाच पायऱ्या ठरल्यात, नक्की निरुपद्रवीपासून नक्की आजार करणाऱ्यापर्यंत, माझा बरोबर मधला. नवरा म्हणाला म्हणजे पास की नापास? मग आई-बाबांचं रक्त तपासलं, तोच बदल आईत निघाला आणि आईला आयुष्यात कधी फिट नाही. त्यामुळे हाच गुन्हेगार असण्याची शक्यता कमी झाली. ताई म्हणाल्या जेएमईत बहुतेकदा एक जीन जबाबदार नसतो, अनेक छोटे छोटे बदल मिळून होतं, म्हणून रिपोर्टमध्ये ठळक काही आलं नाही तर तुमचा आजार खोटा असं समजू नका. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळे जीन्स, वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला, अशा डेटाशी ताडून माझ्यासारख्या मधल्या पायरीवरच्या बदलांचा पुढे पुन्हा विचार करता येतो.

ताईंना आत्याचं रक्त हवं होतं. मी परत गावी गेले, यावेळी सगळं सांगितलं, तिची देवी काढून घेतली असं वाटू नये म्हणून सावकाश. तिने बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "मग तुझ्या पोटच्याला हुईल का?" मी ताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला, त्या म्हणाल्या धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, पण जेएमई असलेल्या आईच्या बहुतेक मुलांना फिट येत नाहीत. आत्याने लगेच बाही वर केली.

तिची ट्यूब गेल्या महिन्यात पुण्याला गेली, उत्तर यायला वेळ आहे. मला फॉलिक अ‍ॅसिड सुरू झालंय, दिवस राहिले तर लेव्हेटिरासिटामची रक्तातली पातळी खाली येते म्हणून ती परत परत तपासावी लागेल असं सरांनी आत्ताच सांगून ठेवलंय, आणि यावेळी गायनॅक मॅडम आणि न्यूरो सर दोघांनी एकमेकांचे नंबर घेतलेत.